प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतरची लघवीची गळती: एका हापूस बागायतदाराचं प्रकरण

वय ६६. पावस परिसरातल्या एका वाडीतले हापूसचे बागायतदार. हंगाम आटोपल्यावर जूनच्या सुरुवातीला दुर्बिणीतून प्रोस्टेटची शस्त्रक्रिया झाली. गाठ साधी होती, कर्करोग नव्हता. धार मोकळी झाली, पण लघवीची नळी काढल्या दिवसापासून लघवीवर ताबा राहिला नाही. फिजिओथेरपिस्ट म्हणून माझ्याकडे ते आले अनंत चतुर्दशी उलटल्यावर, म्हणजे तीन महिन्यांहून जास्त काळ गेल्यावर. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. इथे त्यांना अण्णा म्हणते.

या शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे थेंब गळणं, घाई लागणं पुष्कळांना होतं आणि बहुतेकांचं आपोआप ओसरतं. तीन महिन्यांनीही दिवसाला चार-चार फडकी भिजत असतील तर मात्र वाट बघत बसू नये. अण्णा वाट बघत बसले, कारण पावसाने त्यांना सांभाळून घेतलं. जून ते सप्टेंबर रत्नागिरीकडे बागेतून परतणारा माणूस ओलाच असतो. लेंगा भिजलेला दिसला तरी कुणी विचारत नाही. विचारलंच तर ‘सरीत सापडलो’ एवढं पुरतं. जुन्या धोतराची फडकी फाडून, घड्या करून ते आत लावत होते. पावसात ती वाळत नाहीत, म्हणून घरातले सगळे झोपले की स्वतः धुऊन चुलीवरच्या दोरीवर टाकत होते आणि पहाटे काढून घेत होते. त्यांच्या बायकोला, म्हणजे काकींना, कळलं ते जांघेतली कातडी सोलवटून चालणं अवघड झालं तेव्हा.

गणपतीत लपवणं संपलं. वाडीच्या भजनात मृदंग अण्णांचा, आणि भजन म्हणजे मांडी घालून दोन-दोन तास. यंदा ‘कंबर धरली’ म्हणून ते बसलेच नाहीत. आरतीलाही दाराशी उभे राहिले. भावकीत कुजबुज सुरू झाली की वाटणीवरून रुसलेत. काकी मला म्हणाल्या, “रुसलेत म्हटलेलं चालतंय यांना, पण खरं काय ते सांगवत नाही.” गळतीपायी माणूस चारचौघांतून उठतो, प्रवास टाळतो, पाणी प्यायचं सोडतो, आणि या सगळ्याला घरातले वय झालं असं समजतात. असे पुरुष आपल्या गावागावांत आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना शस्त्रक्रियेशिवाय बरं वाटू शकतं, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे.

‘सारखीच गळते’ म्हणजे नेमकं कधी

पहिल्या दिवशी मी विचारलं, “अण्णा, कधी गळते?” उत्तर आलं, “सारखीच.” हे उत्तर जवळजवळ प्रत्येकाचं असतं, आणि त्यावर उपचार ठरवता येत नाहीत. म्हणून व्यायाम शिकवण्याआधी मी तीन दिवसांची वही मागते. मिलिलिटरच्या खुणा असलेला प्लास्टिकचा मग घ्यायचा. दर वेळी लघवी त्यात करून वेळ आणि माप लिहायचं, काय आणि किती प्यालो ते लिहायचं, आणि गळलं तर त्या क्षणी काय करत होतो तेही लिहायचं. अण्णांची वही काकींनी लिहिली. आंब्याच्या पेट्यांचा हिशेब त्याच ठेवतात, त्यामुळे एकही रकाना रिकामा नव्हता.

वहीतून पहिली गोष्ट दिसली ती अशी. दिवसा ११ वेळा लघवी, दर वेळी ७० ते १२० मिलिलिटर. रात्री दोनदा उठणं. पहाटेची पहिली लघवी मात्र ३८० मिलिलिटर. म्हणजे मूत्राशय लहान झालेलं नव्हतं, झोपेत ते व्यवस्थित भरत होतं. दिवसा अण्णाच त्याला भरू देत नव्हते. बाजारात निघण्याआधी, एसटीत चढण्याआधी, कुणी पाहुणा दारात दिसला की त्याच्याआधी, ‘असू दे’ म्हणून जाऊन येत. असं महिनोन्महिने केलं की मूत्राशय थोड्याशा लघवीलाही घाई करायला शिकतं.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. गळती तीन प्रकारची होती आणि तिघींचं कारण वेगळं होतं. खोकताना, पेटी उचलताना, खाली बसून उठताना एकदम पिचकारी येई. हा पोटातल्या दाबाने होणारा प्रकार, आणि तो संध्याकाळी जास्त, सकाळी कमी. बागेतून घरी आल्यावर पडवीच्या पायरीशी पाय धुताना अनावर घाई लागे आणि मोरीपर्यंत पोचायच्या आत थोडी सुटे. हा घाईचा प्रकार. आणि लघवी करून, कपडे सावरून चार पावलं टाकली की चमचाभर ओघळे. लेंग्यावर दिसणारा डाग बहुतेक वेळा याच तिसऱ्याचा असे, आणि अण्णांना सर्वांत जास्त लाज त्याचीच होती.

चौथा एक प्रकार आहे, तो नाही याची खात्री करून घ्यावीच लागते. मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही, तुंबून भरतं आणि वरून ओसंडत राहतं. प्रोस्टेट वाढलेल्या किंवा जुना मधुमेह असलेल्या पुरुषांत हे होतं. अशा माणसाला लघवी रोखायला शिकवणं घातक आहे, पुढे मूत्रपिंडांवर ताण येतो. म्हणून मूत्ररोगतज्ज्ञांकडून लघवीनंतरची सोनोग्राफी, लघवीची तपासणी आणि रक्तातली साखर करून घेतली. लघवीनंतर आत जेमतेम ३० मिलिलिटर राहत होती, जंतुसंसर्ग नव्हता, साखर ठीक होती. मगच आम्ही सुरुवात केली.

एक गोष्ट मला बोलताबोलता कळली. अण्णांना कोरडा खोकला होता, घशात खवखव, रात्री जास्त. तंबाखू नाही, दमा नाही. गोळ्यांची पिशवी उघडून बघितली तर रक्तदाबाची गोळी वर्षाच्या सुरुवातीला बदललेली, आणि खोकला त्यानंतरचा. रॅमिप्रिल, एनालाप्रिल या गटातल्या गोळ्यांनी काहींना असा कोरडा खोकला होतो. गोळी बदलणं माझं काम नाही आणि रुग्णाने तर ती स्वतःहून कधीच बंद करू नये. त्यांच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली, त्यांनी दुसऱ्या गटातली गोळी दिली. तीन-चार आठवड्यांत खोकला गेला. दिवसातून पन्नास वेळा आतून बसणारा धक्का बंद झाला, तोही एकही व्यायाम न करता.

मनापासून केलेला, पण चुकीच्या जागी केलेला व्यायाम

अण्णा आळशी रुग्ण नव्हते. ‘लघवी अडवायचा व्यायाम करा’ एवढं त्यांना कुणीतरी सांगितलेलं होतं, आणि ते दर वेळी लघवी करताना धार तीन-चारदा तोडत होते. शिवाय गावातल्या योगवर्गात शिकलेली अश्विनी मुद्रा रोज सकाळी करत होते.

धार तोडून बघणं हे स्नायू ओळखण्यापुरतं एकदा ठीक आहे. रोजचा व्यायाम म्हणून ते केलं तर मूत्राशय नीट रिकामं होत नाही. अश्विनी मुद्रेत गुदद्वार आकुंचन पावतं, म्हणजे जोर मागच्या बाजूला जातो. पुरुषाला लघवी रोखायला लागतो तो पुढचा भाग. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पुरुषांना वेगवेगळ्या शब्दांत सूचना देऊन आत काय हलतं ते सोनोग्राफीने पाहिलं. ‘गुदद्वार आवळा’ म्हटल्यावर मागचे स्नायू जास्त चालले, आणि ‘लिंग आखूड करा’ म्हटल्यावर मूत्रमार्गाभोवतीचा स्नायू सर्वांत चांगला चालला. मला हे संशोधन फार मोलाचं वाटतं, कारण त्याला यंत्र लागत नाही, नेमकं वाक्य लागतं.

हा पुढचा भाग का महत्त्वाचा, ते अण्णांना कागदावर काढून दाखवलं. पुरुषाच्या मूत्रमार्गावर दोन ठिकाणी अडसर असतो. एक मूत्राशयाच्या तोंडाशी, तो आपोआप चालतो. दुसरा प्रोस्टेटच्या खाली, तो आपल्या हुकमात असतो. दुर्बिणीतून प्रोस्टेट खरवडताना वरचा अडसर बहुधा सैल पडतो. मग सगळी भिस्त खालच्यावर आणि त्याला आधार देणाऱ्या ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर. आजवर ज्या स्नायूकडे कधी लक्ष द्यावं लागलं नाही, त्यालाच आता दिवसभर राबायचं असतं.

मी स्त्री आणि अण्णा या पिढीतले, त्यामुळे तपासणी कशी करायची हे आधी ठरवून घेतलं. काकी आत बसल्या, मी पडद्याबाहेर. अण्णांच्या समोर उभा आरसा. सांगितलं, “पहाटे खाडीच्या गार पाण्यात कमरेपर्यंत उतरताना जसं सगळं आपसूक वर ओढलं जातं, तसं करा. लिंग मुळाशी आत ओढलं गेलं पाहिजे, अंडकोश किंचित वर उचलले गेले पाहिजेत. पोट, मांड्या, कुल्ले गप्प. आणि श्वास चालू.” पहिल्या प्रयत्नात अण्णांनी श्वास कोंडून पोट फुगवलं. म्हणजे वर ओढायच्या ऐवजी खाली ढकललं. पुष्कळ पुरुष नेमकं हेच करतात आणि महिनाभर करून ‘व्यायामाने काही होत नाही’ म्हणून सोडून देतात. मग अंडकोशाच्या मागे दोन बोटं ठेवून करायला लावलं. आत ओढलं की तिथे घट्टपणा बोटांना लागतो, ढकललं की फुगवटा लागतो. काही वेळाने पडद्याआडून आवाज आला, “हललं, बाय!” डॉक्टरची मी त्या क्षणापासून ‘बाय’ झाले.

पकड तीन सेकंदच टिकत होती, चौथ्या सेकंदाला सुटत होती. म्हणून तिथूनच सुरुवात केली. तीन सेकंद आत घ्यायचं, मग तेवढाच किंवा त्याहून जास्त वेळ पूर्ण सैल सोडायचं. असं आठ वेळा. त्यानंतर पाच-सहा झटपट आवळण्या. दिवसातून तीनदा. पहिले दोन आठवडे आडवं पडून, गुडघे वाकवून, मग पडवीच्या बाकावर बसून, मग उभ्याने. दर आठवड्याला जमेल तसा एखादा सेकंद वाढवत दहा सेकंदांपर्यंत. सैल सोडण्याकडे मी आवळण्याइतकंच लक्ष देते. भीतीपोटी दिवसभर आवळून धरणारे पुरुष असतात. त्यांचा स्नायू संध्याकाळपर्यंत थकून जातो, दुखायला लागतो आणि गळती वाढते.

वेळा घड्याळाने लावल्या नाहीत. सकाळच्या चहानंतर, दुपारची वामकुक्षी झाल्यावर उठण्याआधी, आणि संध्याकाळी देवाजवळ दिवा लागला की. या तिन्ही गोष्टी अण्णांच्या घरात चुकत नाहीत, म्हणून व्यायामही चुकला नाही.

“हे बायकांचे व्यायाम ना?” हा प्रश्न अण्णांनीही विचारला. अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ आर्नोल्ड केगेल यांनी १९४८ साली हे व्यायाम मांडले ते बाळंतपणानंतरच्या स्त्रियांसाठी, त्यामुळे नावाभोवती तसा समज राहिला. हे स्नायू मात्र माकडहाडापासून पुढच्या हाडापर्यंत प्रत्येक माणसात ताणलेले असतात.

प्रत्येक गळतीला तिची सवय

स्नायू बळकट करणं हे अर्धं काम. तो योग्य क्षणी वापरणं हे उरलेलं अर्धं, आणि इथे वही कामी आली.

सर्वांत सोपा होता तो लघवीनंतरचा ओघळ. मूत्रमार्ग अंडकोशाच्या मागे वळण घेतो, त्या वळणात थोडी लघवी अडकून राहते आणि चालायला लागलं की खाली येते. उपाय असा: लघवी झाल्यावर लगेच आवरू नये, थोडं थांबावं, एकदा आतून जोरात आवळावं. मग अंडकोशाच्या मागे बोटं टेकवून हलका दाब देत पुढे आणावीत, दोन-तीनदा. राहिलेली लघवी बाहेर येते. अण्णांना बसून लघवी करायलाही सांगितलं, घाई कमी होते आणि मूत्राशय निवांत रिकामं होतं. आठवड्याभरात लेंग्यावरचा डाग बंद झाला. एवढ्याने त्यांचा चेहरा बदलला. उपचारात लवकर मिळणारं काहीतरी आधी द्यावं, असं माझं मत या प्रकरणाने आणखी पक्कं झालं, कारण स्नायूंचं फळ तीन महिन्यांआधी नीट दिसत नाही आणि तोवर धीर टिकायला हवा.

घाईसाठी पडवीची पायरी हीच आमची तालीम झाली. घर जवळ आलं, पाय धुवायला पाणी ओतलं की मेंदूला सवयीने वाटतं आता लघवीला जायचं. त्या क्षणी धावलं तर पोटावर दाब येतो आणि सुटतेच. म्हणून उलट करायचं. पाणी ओतण्याआधी थांबायचं, खांबाला टेकायचं, पाच-सहा वेळा झटपट आवळायचं आणि श्वास सावकाश सोडायचा. हे स्नायू आवळले की मूत्राशयाच्या भिंतीचं आकुंचन प्रतिक्षेपाने, म्हणजे आपोआप, शांत होतं. घाईची लाट येते तशी ओसरते. ओसरल्यावर पाय धुवायचे, आत येऊन पाच मिनिटं बसायचं, आणि मगच चालत मोरीकडे. त्याबरोबर दोन लघव्यांमधलं अंतरही हळूहळू वाढवत नेलं, आठवड्याला साधारण पंधरा मिनिटांनी. ‘असू दे’ म्हणून जाणं पूर्ण बंद.

पिण्याच्या बाबतीत अण्णांनी सगळं उलटं करून ठेवलं होतं. बागेत दिवसभर घोटभर पाणी, कोकणच्या दमट हवेत घामाच्या धारा, आणि रात्री जेवताना तहान भागवायला दोन तांबे, वर चूर्ण घ्यायला आणखी एक. चोवीस तासांत होणाऱ्या सुमारे १७०० मिलिलिटरपैकी ७४० मिलिलिटर लघवी रात्रीत होत होती. पासष्टीच्या पुढच्या माणसात एक तृतीयांशापर्यंत चालतं, त्याहून हे जास्त होतं. पाणी कमी केल्याने गळती थांबत नाही. दाट, पिवळीजर्द लघवी मूत्राशयाला टोचते आणि घाई वाढते, शिवाय मलावरोध होतो. म्हणून पाणी सकाळपासून दुपारपर्यंत वाटून घेतलं, साडेसहानंतर थोडंच. पाच चहांचे दोन झाले. दुपारी पाय उंच ठेवून अर्धा तास पडणं सुरू केलं. दिवसभर उभं राहून पायात उतरलेलं पाणी तेव्हाच मूत्रपिंडांकडे जातं, रात्री झोपल्यावर जात नाही.

मलावरोधाबद्दल पुरुष सांगत नाहीत, विचारावं लागतं. शौचाला रोज कुंथणं म्हणजे ज्या स्नायूला आपण वर उचलायला शिकवतो आहोत त्याला रोज सकाळी खाली ढकलणं. पांढऱ्या तांदळाच्या भाकरीबरोबर नाचणीची भाकरी आली, कुळीथ आला, लाल माठ आला. काकींनी हे दोन दिवसांत लावून दिलं. बदललेल्या चवीबद्दल अण्णांची तक्रार अजून चालू आहे.

कातडीची काळजी वेगळी घेतली. भिजलं की लगेच बदल, साध्या पाण्याने धुऊन टिपून कोरडं, मग पेट्रोलियम जेलीचा पातळ थर. ओलं धोतर सोडून औषधाच्या दुकानात मिळणारे मोठ्यांचे पॅड घेतले. धोतराची घडी लघवी शोषते, पण ओल कातडीला लागूनच राहते. पॅडचा आणखी एक उपयोग झाला. किराणाच्या काट्यावर कोरडं आणि भिजलेलं पॅड तोलून चोवीस तासांची गळती मोजता आली. सुरुवातीला ती १४० ग्रॅम होती. एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलिलिटर.

दिवाळीतली घसरण

पाचव्या-सहाव्या आठवड्यापर्यंत सगळं चढतं होतं. मग दिवाळी आली. मुंबईची मंडळी घरी, दिवसभर उभं राहणं, येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर चहा, वर फराळ, दुपारची झोप नाही. व्यायाम दिवसातून एकदा, तोही जमला तर. भाऊबीजेच्या संध्याकाळी नातवाला उचलताना पॅड पूर्ण भिजलं. अण्णांनी वही कपाटात टाकली आणि यायचं बंद केलं.

काकींचा फोन आला. मी घरी जाऊन भेटले, पण समजूत घालण्यात वेळ घालवला नाही. काट्यावरचे आकडे पुढे ठेवले. सप्टेंबरमधले १४० ग्रॅम, दिवाळीआधीचे ५५, आणि दिवाळीतल्या त्या वाईट दिवसाचे ९०. म्हणजे सर्वांत वाईट दिवससुद्धा सुरुवातीच्या रोजच्या दिवसापेक्षा बरा होता. हिशेबाच्या माणसाला हिशेब पटला. आम्ही एवढंच ठरवलं की पाहुणे असतील त्या दिवशी व्यायाम कमी झाला तरी चालेल, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती चुकवायची नाही. थकलेला स्नायू संध्याकाळी साथ सोडतो, आणि अण्णांचं हे तर वहीत पहिल्या दिवसापासून लिहिलेलं होतं.

पेटी

बागायतदाराला चालताना कोरडं राहून भागत नाही. आंबा उतरवायचा हंगाम मार्च ते मे, आणि भरलेला क्रेट वीस किलोच्या आसपास असतो. डिसेंबरपासून आम्ही तोच व्यायाम केला. अण्णा घरचा क्रेट घेऊन आले. आधी रिकामा, मग आत चार नारळ, मग आठ, असं करत वजन वाढवलं. क्रम पाठ करून घेतला: जवळ उभं राहा, गुडघ्यात वाका, आत घ्या, श्वास सोडत उचला, ठेवा, मग सैल सोडा. उचलण्याच्या क्षणभर आधी आवळणं हीच यातली किल्ली आहे. शिंक, खोकला, खालून उठणं, या सगळ्यांना हेच लागू. सुरुवातीला ते आठवून करावं लागतं. महिन्या-दोन महिन्यांत हात क्रेटकडे जातानाच आत ओढलं जातं. वाडीतल्या जांभ्याच्या पाखाडीवर चढउतारही याच काळात सुरू केली, कारण उतरताना पायरीचा हिसका बसतो आणि तिथे गळत होतं.

जानेवारीअखेरच्या वहीत दिवसा सात वेळा लघवी, २०० ते ३०० मिलिलिटर. रात्री एकदा, काही रात्री एकदाही नाही. पॅडचं वजन दिवसाला ८ ग्रॅम, तेही बागेत गेल्या दिवशी. घाईने सुटणं थांबलं होतं.

हे सगळं व्यायामाने झालं असं मी म्हणणार नाही. शस्त्रक्रियेनंतर वर्षभर शरीर स्वतःही सावरत असतं. २०११ साली ‘लॅन्सेट’मध्ये ब्रिटनमधली एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर गळती असलेल्या पुरुषांच्या एका गटाला तज्ज्ञांनी समोर बसवून व्यायाम शिकवले, दुसऱ्याला नेहमीचीच काळजी आणि जीवनशैलीची माहितीपत्रिका. वर्षानंतर दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. माझ्या कामाला हे गैरसोयीचं असलं तरी मी ते प्रत्येक रुग्णाला सांगते. त्यावरून मी घेतलेला अर्थ असा, की सर्वांना सारखाच व्यायाम वाटून फारसं हाती लागत नाही. अण्णांच्या बाबतीत गोळी बदलणं, पाण्याच्या वेळा, ओघळ काढणं आणि पायरीशी थांबणं यांचा वाटा मला आवळण्यांइतकाच वाटतो. त्यांतलं काही नुसतं काळावर सोडूनही चाललं नसतं.

शिमग्याला अण्णांना पालखी उचलायची होती. ती खांद्यावर घेऊन चालणं आणि नाचवणं यात फार अंतर आहे. नाचवताना वजन, उड्या आणि तासन्‌तासांचा शीण तिन्ही एकत्र येतात. मी चालायला हो म्हटलं, नाचवायला या वर्षी नाही. पॅड लावून ते देवळापासून सहाणेपर्यंत, म्हणजे पालखी ठेवायच्या चौथऱ्यापर्यंत, पालखीखाली गेले. रात्री काकींनी पॅड तोललं, १२ ग्रॅम.

मे महिन्यात पेट्या भरण्याच्या धांदलीत, दिवस मावळताना, अजून थोडं गळतं. वर्ष झाल्यावर मूत्ररोगतज्ज्ञांना दाखवलं. ज्यांची गळती वर्षभरानंतरही जास्त राहते त्यांच्यासाठी मूत्रमार्गाला आधार देणारी पट्टी किंवा कृत्रिम झडप बसवण्याच्या शस्त्रक्रिया आहेत. अण्णांना त्याची गरज नाही, असं मूत्ररोगतज्ज्ञांचं आणि अण्णांचं एकमत झालं. व्यायाम आता दिवसातून एकदा, क्रेटच्या आधीची आवळणी कायम, बागेत जायच्या दिवशी एक पातळ पॅड. लघवीत रक्त, ताप, धार अडकणं, किंवा गळतीबरोबर पायात अथवा बैठकीच्या जागी बधिरपणा आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, हे काकींनी वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलं आहे.

जूनमध्ये अण्णांनी भजनातल्या एका सोबत्याला माझ्याकडे पाठवलं. वय ७१, जुना मधुमेह, शस्त्रक्रिया कधीच झालेली नाही, दिवस-रात्र थेंबथेंब गळती. अण्णांनी त्यांना आरशासमोरचा व्यायाम आधीच शिकवून ठेवला होता, आणि ते मन लावून करत होते. मी सोनोग्राफी करून आणायला सांगितलं. लघवी करून आल्यावरही मूत्राशयात ४०० मिलिलिटरहून जास्त शिल्लक होती. त्यांना व्यायाम बंद करायला सांगितला, अण्णांना फोन करून का ते समजावलं, आणि त्याच दुपारी त्यांना मूत्ररोगतज्ज्ञांकडे पाठवलं.